पट्टीवरची निळी रेघ: जुलै २०१६ च्या नियमनमुक्तीचं प्रकरण

आमच्या घरात दाराच्या पाठीमागे एक जाड तार टांगलेली असायची. वरचं टोक खिळ्याला अडकवलेलं, खालचं वळवलेलं. बाजारातून आलेली प्रत्येक पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, वडील त्या तारेत ओवायचे. जुन्नर तालुक्यात भाजीपाला करणाऱ्या बहुतेक घरांत अशी तार, नाहीतर एखादी फुगलेली पिशवी सापडेल. संध्याकाळी पिकअप वस्त्यांवर फिरून पाच-सात जणांचे डाग, म्हणजे मालाची पोती, गोळा करायची आणि रात्री बाजार गाठायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाडीवाल्याच्या हातून पट्टी घरी यायची.

हे लिहायला बसण्याआधी मी ती तार खाली उतरवली. २०१६ च्या उन्हाळ्यातली एक पट्टी समोर आहे. वर पेढीचं नाव, गाळा नंबर, तारीख. त्याखाली वडिलांचं नाव, ‘फ्लॉवर’, डाग, वजन, भाव, रक्कम. मग खर्चाच्या ओळी: मोटारभाडं, हमाली, तोलाई (मापाची मजुरी), वाराई (माल उतरवण्याची मजुरी), आडत (माल विकून देणाऱ्या आडत्याचं कमिशन), टपाल, इतर. शेवटी निव्वळ रक्कम. त्याच पेढीची त्याच वर्षीच्या श्रावणातली पट्टीही सापडली. छापील कागद तोच आहे, फक्त ‘आडत’ या शब्दावर निळ्या पेनाची रेघ मारलेली आहे. आणि ‘इतर’च्या ज्या ओळीत आधी कधी काही लिहिलेलं नसायचं, तिथे एक आकडा आहे.

सरकारनं ती निळी रेघ कशी मारली, आणि त्या ‘इतर’मध्ये पुढे काय काय शिरलं, ते मला इथे मांडायचं आहे.

कुंपण कुणासाठी होतं

देशातला पहिला नियमित बाजार आपल्याकडचाच. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशानं वऱ्हाडातल्या कारंजा इथे कापसाचा बाजार नियमाखाली आला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला आणि पुढे इतर प्रांतांनी त्याचाच कित्ता गिरवला. तेव्हाच्या राज्यकर्त्यांना विलायतेतल्या गिरण्यांसाठी चांगला कापूस वाजवी दरात हवा होता. शेतकऱ्याचं हित हा त्यात नंतर मिसळलेला भाग आहे. १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशननं नियमित बाजारांची शिफारस केली तेव्हा मापातली लबाडी, मनमानी कटती आणि रुमालाखाली बोटं दाबून ठरणारे भाव यांची चर्चा उघडपणे झाली. मुंबई प्रांतात १९३९ चा कायदा आला, आणि महाराष्ट्र झाल्यावर १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा. बाजार समित्यांचं आजचं सगळं जाळं, म्हणजे तीनशेच्या वर समित्या आणि त्यांचे उपबाजार, या १९६३ च्या कायद्यावर उभं आहे.

त्या कायद्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं: नियमनात असलेला माल बाजाराच्या आवारातच विकायचा, परवानाधारकानंच घ्यायचा, उघड लिलावानं घ्यायचा, खऱ्या काट्यावर मोजायचा आणि पैसे ताबडतोब द्यायचे. सावकार हाच व्यापारी आणि तोच मापाडी, अशा गावगाड्यात हे कुंपण घालणं हे मोठंच काम होतं. त्याची किंमत कमी लेखणाऱ्यांशी मी कधीच सहमत होऊ शकलो नाही.

पण कुंपणाच्या आत हळूहळू काय झालं, तेही तितकंच खरं. गाळे मोजके आणि माल मात्र वाढत गेलेला. मुंबईच्या दाटीतून घाऊक बाजार टप्प्याटप्प्यानं वाशीला हलला. भाजी आणि फळांची आवारं १९९६ मध्ये तिकडे गेली. जागा ऐसपैस झाली, तरी सौद्याची रीत बदलली नाही. उघड लिलाव कायद्यात राहिला आणि भाजीचे-फळांचे बरेचसे सौदे आडत्या आणि खरेदीदार यांच्यात खाजगीत होत राहिले. एका शेतकऱ्याचा माल चार खरेदीदारांना चार भावांनी जातो, आणि पट्टीवर एकच भाव येतो. खरेदीदाराचं नाव पट्टीवर नसतं. आपला फ्लॉवर रात्री तीन वाजता कुणी, किती रुपयांनी नेला हे पिकवणाऱ्याला कळायचा कुठलाच मार्ग नसतो. हीच या सगळ्या प्रकरणाची खरी गाठ आहे, आणि २०१६ च्या निर्णयानं तिला हात लावला नाही.

निर्णय

आडत शेतकऱ्याकडून का घ्यायची, हा प्रश्न जुनाच. डिसेंबर २०१४ मध्ये पणन संचालकांनी शेतकऱ्याकडून आडत कापू नये असा आदेश काढला. व्यापाऱ्यांनी विरोध केला आणि सरकारनं लगोलग त्याला स्थगिती दिली. त्याआधी काही महिने दिल्ली राज्यानं फळं-भाजीपाला नियमनातून काढला होता आणि केंद्र सरकार इतर राज्यांनाही तेच सांगत होतं. २००६ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात बदल करून खाजगी बाजार आणि थेट पणनाचे परवाने सुरू केले होतेच. त्यामुळे जुलै २०१६ चा अध्यादेश एकदम आकाशातून पडला असं म्हणता येणार नाही.

त्यात दोन गोष्टी होत्या. फळं आणि भाजीपाला, कांदा-बटाट्यासकट, बाजार आवाराच्या बाहेर नियमनमुक्त झाला. म्हणजे शेतकऱ्यानं तो कुठेही, कुणालाही विकावा, बाहेरच्या सौद्यावर समितीचा सेस, म्हणजे बाजार शुल्क, नाही. आणि आवाराच्या आत आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची.

व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. वाशीचा बंद काही दिवसांत मिटला, कारण मुंबईला रोज भाजी लागते आणि शेतकरी-ग्राहक थेट विक्रीचे तंबू शहरात उभे राहू लागले होते. सावता माळींच्या नावाचे आठवडी शेतकरी बाजार त्याच वर्षी पुढे आले. नाशिक जिल्ह्यातली गोष्ट मात्र लांबली. लासलगाव, पिंपळगावच्या बाजारात कांदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मोकळाच येतो. व्यापारी ट्रॉलीभोवती जमतात, बोली होते, मग गाडी भुईकाट्यावरून व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी होते. त्या महिन्यात व्यापाऱ्यांनी धरून बसलेली अट होती: आता कांदा गोणीत भरून आणा. त्या उन्हाळ्यात कांदा किलोला दहा रुपयांच्या आत रेंगाळत होता. गोणीचे पैसे, भरायची मजुरी, शिवाय गोणीतला माल झाकलेला, म्हणजे भावात कुरबुरीला जागा. शेतकऱ्यांनी नकार दिला आणि जवळजवळ महिनाभर लिलाव सुरळीत झाले नाहीत. साठवणीच्या चाळीतला कांदा तेवढे दिवस वजन गमावत राहिला. बाजार बंद पडला की व्यापाऱ्याचा धंदा थांबतो, आणि शेतकऱ्याचा माल सडतो. कुठल्याही सुधारणेचा आराखडा मांडताना हा फरक पहिल्या पानावर लिहून ठेवला पाहिजे. तेव्हा तो लिहिला गेला नव्हता.

तीन रुपयांचा हिशेब

आडत खरेदीदारावर गेली म्हणजे शेतकऱ्याचे तेवढे पैसे वाचले, असं सभांमधून सांगितलं गेलं. साधा हिशेब करू. समजा खरेदीदार एका क्विंटलमागे सगळं धरून १००० रुपये द्यायला तयार आहे आणि आडत शेकडा ६ आहे. आधी भाव १००० लागायचा, आडत ६० कापली जायची, शेतकऱ्याला ९४० मिळायचे. आता आडत खरेदीदार देणार. त्याचा खिसा तोच, १००० चा. मग तो भावच असा बोलेल की भाव आणि त्यावरचे ६ टक्के मिळून १००० व्हावेत. तो भाव ९४३ रुपयांच्या आसपास येतो.

म्हणजे फरक क्विंटलला तीन रुपयांचा.

यावरून बदल निरर्थक होता असं मी म्हणत नाही. आडत ज्याला द्यावी लागते तो तिच्यावर घासाघीस करू शकतो, आणि खरेदीदार शेतकऱ्यापेक्षा जास्त घट्ट घासाघीस करतो. आडत्या विकणाऱ्याचा माणूस असताना त्याची मजुरी घेणाऱ्यानं द्यायची, यात एक नवा प्रश्नही आहे: मग तो आता कुणाचा माणूस? पण हे सगळं तेव्हाच उपयोगाचं, जेव्हा खरेदीदार पुष्कळ असतात आणि भाव सर्वांसमोर बोलला जातो. बंद मुठीत ठरणाऱ्या सौद्यात आडत या खिशातून काढा नाहीतर त्या खिशातून, शेवटचा आकडा आडत्याच ठरवतो.

आणि मग ‘इतर’. आमच्या तारेतल्या त्या श्रावणातल्या पट्टीवर ‘इतर’पुढे जो आकडा आहे, तो आदल्या पट्टीवरच्या आडतीशी जवळजवळ जुळतो. पुढच्या वर्षी ती ओळही गेली आणि दोन कागद येऊ लागले: छापील पट्टीवर आडत नाही, आणि तिच्यासोबत एक कच्ची चिठ्ठी, जिच्यावर खरा हिशेब. वडिलांनी एकदा फोनवर विचारलं. उत्तर आलं, “आबा, नको असेल तर दुसरीकडे बघा. उचल तेवढी आधी मिटवा.” लागवडीच्या वेळी त्याच पेढीकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर होती. वडिलांनी दुसरीकडे बघितलं नाही. बँकेचं पीककर्ज वेळेवर मिळालं असतं तर त्या फोनचा शेवट वेगळा झाला असता. उचलीला पर्याय उभा न करता आडतीवर बंदी घालणं म्हणजे शेतकऱ्याच्या हातात कागद देऊन त्याला त्याच गाळ्यावर परत पाठवणं, हे मी त्या दिवशी शिकलो.

आवाराच्या बाहेर

नियमनमुक्तीचा दुसरा भाग जास्त दूरगामी होता. मोठ्या साखळी दुकानांची संकलन केंद्रं, शेतकरी उत्पादक कंपन्या, थेट बांधावर येणारे व्यापारी यांना मोकळीक मिळाली. चांगल्या प्रतीचा माल आणि पाठीशी गट असलेल्या शेतकऱ्यांना याचा खरा फायदा झाला. आमच्या भागात तो मी पाहिला आहे. क्रेटमध्ये मोजलेला टोमॅटो, वजनाची पावती, पैसे थेट खात्यात. या मोकळीकीला जे सरसकट शेतकरीविरोधी म्हणतात त्यांनी एकदा अशा केंद्रावर दिवस काढावा.

पण त्याच बाहेरच्या सौद्यात कोणी फसवलं तर दाद कुठे मागायची? आवारात निदान परवाना रद्द करता येतो, समितीच्या दारात बसता येतं. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात बांधावरून माल नेऊन पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांचं दुखणं जुनं आहे. २०२० मध्ये तिथल्या पोलिसांनी खास मोहीम काढून शेतकऱ्यांचे कोट्यवधी रुपये वसूल करून दिले. त्या मोहिमेचं कौतुक व्हायलाच हवं. पण पणन व्यवस्थेनं करायचं काम पोलिसांना करावं लागलं, याचा अर्थ बाहेरच्या बाजारावर पणन खात्याची साधी नोंदसुद्धा नव्हती.

त्याच वर्षी केंद्रानं तीन कृषी कायदे आणले. त्यातल्या व्यापारविषयक कायद्यानं आवाराबाहेर, पॅनकार्ड असलेल्या कुणालाही, शुल्काशिवाय खरेदी करता येणार होती. पंजाब-हरियाणात त्यावरून वणवा पेटला आणि महाराष्ट्र तुलनेनं शांत राहिला. याचं एक कारण हे होतं की भाजी-फळांपुरता आपण तो अनुभव चार वर्षं घेतलेला होता. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायद्यांना स्थगिती दिली, नोव्हेंबरमध्ये ते मागे घेतले गेले. चर्चा मात्र ‘बाजार समिती हवी की नको’ एवढ्यावरच अडकली. बिहारनं २००६ मध्ये आपला बाजार समिती कायदाच रद्द केला, आणि खाजगी गुंतवणुकीनं उभे राहायला हवे होते ते आधुनिक बाजार तिथे उभे राहिले नाहीत. कुंपण काढलं की बाजार आपोआप उगवत नाही. त्याला छप्पर लागतं, भुईकाटा लागतो, रात्रीचा दिवा लागतो, महिलांसाठी स्वच्छतागृह लागतं. आपल्या कित्येक आवारांत सेस भरूनही यातलं अर्धं मिळत नाही, हे दुःख वेगळंच.

हमाल या हिशेबात कुठे

पट्टीवरच्या हमाली, तोलाई, वाराई या तीन ओळींबद्दल शेतकरी घरात चीड असते. आमच्याही होती. पण रात्री अडीचला ट्रकच्या फाळक्यापाशी उभा राहून पाठीवर डाग घेणारा माणूस १९६९ च्या माथाडी कायद्याआधी कसा जगत होता, ते वाचल्यावर माझं मत बदललं. भविष्यनिर्वाह निधी, उपचार, हक्काची मजुरी हे सगळं अण्णासाहेब पाटलांसारख्यांच्या लढ्यातून मिळालेलं आहे, आणि ते आवारावर टेकलेलं आहे. आवार रिकामं झालं की ते कोसळतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये उरलेला शेतमालही नियमनमुक्त करण्याचा प्रयत्न झाला तेव्हा माथाडी आणि व्यापारी एकत्र रस्त्यावर उतरले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. एप्रिल २०२४ मध्ये नाशिकचे कांदा लिलाव थांबले ते हमाली-तोलाई आणि तिच्यावरची लेव्ही (हमालांच्या कल्याणासाठी भरायची रक्कम) कुणी भरायची या वादावरून. तेव्हाही प्रत्येक दिवसाचं नुकसान कांदावाल्याच्याच चाळीत जमा होत गेलं.

माझं म्हणणं आहे की कल्याण निधी आवाराला बांधू नये, कामाला बांधावा. माल वाशीच्या आवारात उतरो की शहराबाहेरच्या गोदामात, उतरवणारा हातच असतो. बाहेरच्या सौद्यावर बाजार शुल्क नसेल तर नसो, पण माल उतरवणाऱ्याच्या हक्काचा वाटा तिथेही भरलाच पाहिजे. मग आवार सोडून बाहेर पळण्यात मजुरीची बचत उरत नाही, आणि आत-बाहेरची स्पर्धा सेवेवर होते.

संगणक आला, लिलाव तसाच

एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे अध्यादेशाच्या तीन महिने आधी, ई-नाम हा केंद्राचा ऑनलाइन राष्ट्रीय शेतमाल बाजार सुरू झाला. राज्यातल्या शंभराहून अधिक समित्या त्याला जोडलेल्या आहेत. अनेक ठिकाणी सौदा नेहमीसारखा तोंडी होतो आणि नंतर कुणीतरी खिडकीत बसून आकडे भरतो. धान्य, हळद, सोयाबीनच्या बाबतीत ओलावा तपासून दूरच्या खरेदीदाराला बोली लावायला देणं जमण्यासारखं आहे. पहाटे तीनच्या कोथिंबिरीला प्रतवारीच्या प्रयोगशाळेसाठी थांबायला वेळ नसतो. सहा वाजता तिची पानं मान टाकतात. भाजीसाठी वेगळी व्यवस्था हवी, आणि ती महागडी असण्याचं कारण नाही. काट्यालाच यंत्र जोडा. वजन झालं की तिथेच भाव आणि खरेदीदाराचा परवाना क्रमांक भरला जावा, आणि त्याच क्षणी शेतकऱ्याच्या फोनवर संदेश जावा. गावोगावची दूध संकलन केंद्रं हे कधीपासून करतात: लिटर, फॅट, दर, रक्कम, लगेच छापील पावती. सकाळी केंद्रावर दूध घालणारा तोच शेतकरी रात्री भाजी पाठवतो तेव्हा मात्र आंधळा होतो.

हा बदल समित्यांनी आपणहून का केला नाही, याचं उत्तर समित्यांच्या निवडणुकीत आहे. २०१७ मध्ये किमान दहा गुंठे जमीन आणि पाच वर्षांत तीन वेळा माल विकल्याची अट घालून शेतकऱ्यांना थेट मतदानाचा हक्क मिळाला. २०१९ मध्ये सरकार बदललं आणि २०२० मध्ये तो काढून घेतला गेला; पुन्हा गावच्या सहकारी सोसायट्या आणि ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी संचालक निवडायचे. थेट मतदानाचा खर्च समित्यांना झेपत नव्हता ही तक्रार खोटी नाही. तो खर्च पणन मंडळानं उचलायला हवा होता, हक्क रद्द करायला नको होता.

मी काय बदलेन

कुणी मला एकच कलम लिहायला सांगितलं तर मी पट्टीचं कलम लिहीन. घाऊक सौदा आवारात होवो की बाहेर, पट्टी एकाच नमुन्याची असावी: प्रत्येक खरेदीदाराचा नोंदणी क्रमांक, प्रत्येक वजन वेगळं, प्रत्येक भाव वेगळा, आणि ‘इतर’ ही ओळ छापायलाच मनाई. बाहेर खरेदी करणाऱ्यासाठी परवान्याची कटकट नसावी, पण नोंदणी आणि अनामत असावी, म्हणजे पैसे बुडाले तर पहिला आधार त्या अनामतीचा. कच्ची चिठ्ठी सापडली तर दंड पेढीला व्हावा आणि तक्रार करणाऱ्याची उचल त्या दिवसापासून बिनव्याजी धरली जावी. शेवटची सूचना काही वकील मित्रांना धाडसी वाटते. उचलीच्या दोरीनं बांधलेला माणूस तक्रार करत नाही, आणि तक्रारीवाचून नियमन चालत नाही, म्हणून मी ती सोडायला तयार नाही.

आमच्या वस्तीवर अजूनही सकाळी सातच्या सुमारास फोन लागतात. “शेठ, काय भाव लागला?” पलीकडून उत्तर येतं, “आबा, माल चांगला होता, पण बाजार पडला.” परवा शेजारच्या मळ्यातल्या काकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, “खरंच पडला असंल का रं?” माझ्या हातात फोन होता, त्यात इंटरनेट होतं, समितीच्या संकेतस्थळावर कालचा किमान आणि कमाल भाव होता. त्यांच्या अकरा डागांचा भाव त्यात कुठेच नव्हता.